शब्दचर्चा: ‘सूट’, ‘सवलत’, ‘कसर’ आणि सुटीतली सुटी गाणी

सहावी_तार:
बेळगावच्या टिळकवाडीत गिटारचा क्लास घेतो. काही पोरं घरी रॉकस्मिथ नावाच्या खेळावर सराव करतात. खरी गिटार केबलनं कॉम्प्युटरला जोडायची, पडद्यावर सरकत येणाऱ्या खुणा बघत वाजवायचं, चुकलं की खेळच दाखवतो. खेळाबरोबर आलेली गाणी वाजवून झाली की पुढची विकत घेऊन उतरवून घ्यावी लागतात. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात त्यांचा सेल लागला की पालकांच्या ग्रुपवर मी सूचना टाकतो, मराठीत आणि कन्नडात. कन्नडात ‘रियायिती’ लिहून मोकळा होतो. मराठीत हात थबकतो. ‘गाण्यांवर सूट’, ‘सवलतीत गाणी’, ‘गाण्यांचे भाव उतरले’ असं आळीपाळीनं लिहून बघितलं. ‘सवलत’ लिहिलं त्या वेळी एका आईनं विचारलं, “सर, आधार कार्ड लागतंय काय?”
तर सूट आणि सवलत यांत फरक नेमका काय? आणि पाच गाणी एकदम घेतली की स्वस्त पडतात, त्या पाचांच्या पॅकला काय म्हणायचं?

निपाणीकर:
त्या बाईंचं चुकलं नाही. सूट वस्तूला असते, सवलत माणसाला. विद्यार्थ्याला सवलत, ज्येष्ठांना सवलत, म्हणजे तुम्ही कोण आहात ते आधी दाखवायचं. महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ती सवलत. आपल्याकडे कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजना आहे, बायकांना शून्य रुपयांचं तिकीट हातात मिळतं आणि त्यासाठी ओळखपत्र दाखवावं लागतं. आमच्या काकू कोल्हापूरहून सांगलीला जाताना ‘हाफ’ म्हणतात, निपाणीहून चिकोडीला जाताना ‘फ्री’. सूट-सवलत यांतला एकही शब्द त्यांच्या तोंडी नाही, ते सोडा.
गाण्यांचा सेल सगळ्यांना सारखाच. म्हणून ‘सूट’ लिहा.

जमाखर्च:
निपाणीकर, नियम सुटसुटीत आहे, पण टिकत नाही. ‘सवलतीच्या दरात’ ही पाटी कुठल्याही दुकानावर असते आणि आत शिरणाऱ्याला कुणी ओळखपत्र मागत नाही. उलट ‘परीक्षा फीमध्ये सूट’ म्हणतो ती माणसाची पात्रता बघूनच मिळते.
मला फरक दुसरीकडे दिसतो. महसुलाच्या कागदांत ‘सूट व तहकुबी’ अशी जोडी असते. दुष्काळात सारा तहकूब केला म्हणजे पुढे ढकलला, सूट दिली म्हणजे कायमचा सोडला. सुटणं-सोडणं यांच्याच घरातला शब्द आहे हा. ज्याचा हक्क होता त्यानं त्यातला काही भाग सोडला, ती सूट. सवलत हा अरबीतून फारसीमार्गे आलेला, मूळ अर्थ सोय, सुलभता. त्यात रक्कम कमी झालीच पाहिजे असं नाही. हप्त्यानं पैसे भरायची मुभा हीसुद्धा सवलतच, आणि त्यात एक रुपया कमी होत नाही.
हिशेबाच्या वहीत मात्र या दोघांच्या जोडीला तिसरा शब्द आहे, कसर. मराठी माध्यमातून पुस्तपालन शिकलेल्यांना आठवेल. व्यापारी कसर बिलातच वजा होते, वहीत तिची वेगळी नोंद नसते. रोख कसर म्हणजे वेळेत पैसे चुकते केले म्हणून सोडलेली रक्कम, तिचं खातं उघडावं लागतं. तुमचा पाच गाण्यांचा पॅक म्हणजे चोख व्यापारी कसर, जास्त माल उचलला म्हणून दर कमी.
(वटाव इथे आणू नका. तो हुंडीचा.)

खडेबाजार_कॉर्नर:
काय ओ, एवढं कशाला? डिस्काउंट म्हणा की. आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक मराठी असू दे, कानडी असू दे, डिस्काउंटच म्हणतंय. आषाढ लागला की पाटीवर पण ‘आषाढ सेल’ आणि खाली ‘५०+२०’. त्याला मराठी शब्द नाही म्हणून कुणाची खरेदी अडली नाही.

वडगावची_मी:
खडेबाजार, पाटीवर डिस्काउंट असेल, पण काउंटरवर उभं राहिल्यावर बायका काय म्हणतात ते ऐका. “किती कमी करताय?” “शेवटचं बोला.” “वरचे चाळीस सोडा.” नाव कुणी घेतच नाही, सगळं काम क्रियापदावर चालतं. मला वाटतं सरांची अडचण तिथंच आहे. दुकानाच्या पाटीला नाम लागतं, आपल्या बोलण्याला लागत नाही.
‘सूट’ला आणखी एक खोड आहे, ती कुणी सांगितली नाही. प्रत्यय लावून बघा. ‘या सुटीत गाणी घ्या.’ वाचणारा काय समजेल? मे महिन्याच्या सुटीत. ‘सुटीची गाणी’ म्हणजे शाळा बंद असतानाची. आणि एकेक घ्यायची ती ‘सुटी गाणी’. सूट, सुटी आणि सुटं, तिघंही एकाच सूचनेत आले तर पालक सरांना फोनच करतील. ‘सवलतीत’ म्हटलं की हा घोळ होत नाही. शब्दाच्या अर्थापेक्षा त्याचं सामान्यरूप सोयीचं पडतं म्हणून ‘सवलत’ इतकी चालते, असं माझं मत. जाहिरातीत ‘५० टक्के सूट’ असं प्रथमेत ठोकून द्यायचं आणि वाक्यात घ्यायची वेळ आली की ‘सवलतीच्या दरात’ म्हणायचं, हेच तर सगळे करतात.

सहावी_तार:
वडगावच्या ताई, हे नेमकं पकडलंत. त्यात भर म्हणजे स्टीमचा ‘उन्हाळी सेल’ जूनच्या शेवटी लागतो. बेळगावात तेव्हा धो धो पाऊस, शाळा सुरू होऊन महिना होत आलेला. ‘उन्हाळी सुटीत गाणी घ्या’ असं मी छत्री घेऊन लिहायचं!

कडोली_फास्ट:
गाणी ‘उतरवून घेणं’ पण आत्ताचं ओ. आधी आमच्यात गाणी ‘भरून’ घेत होते. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड द्यायचं, “नवी भर, जुनी पण राहू दे.” दर गाण्याचा नव्हता, कार्डाचा होता. एक भरा, हजार भरा. एकेका गाण्याला वेगळे पैसे म्हटल्यावर बाबा अजून म्हणतात, “कॅसेट घेऊलास काय?”

जुना_खेळाडू:
कडोलीकर म्हणतात तो ‘दर’ शब्द महत्त्वाचा आहे. भाव, दर आणि किंमत आपण सरमिसळ वापरतो, पण या खेळांत त्यांचा फरक उघडा पडतो.
रॉक बँड हा गाणी वाजवायचा खेळ २००७ मध्ये आला. त्याची गाणी दर आठवड्याला नवी यायची आणि बहुतेक प्रत्येक गाणं १.९९ डॉलरला. काही ९९ सेंटला, पण सर्वसाधारण आकडा तोच. गाणं गाजलेलं असो, पडलेलं असो, रक्कम एकच, म्हणजे तो झाला दर. एक्सबॉक्स या खेळयंत्रावर तेव्हा पैशांऐवजी पॉइंट चालायचे. ८० पॉइंटना एक डॉलर, म्हणून गाणं १६० पॉइंटना. २०१० मध्ये त्याच खेळाच्या पुढच्या भागांसाठी रॉक बँड नेटवर्क सुरू झालं. तिथं कलाकार स्वतःच गाणं तयार करून टाकायचे आणि ८०, १६० की २४० ते स्वतः ठरवायचे. ती झाली किंमत, धन्यानं लावलेली. भाव मात्र यांतल्या कशालाच शोभत नाही. भाव चढतो-पडतो तो मागणीवर, बाजार समितीत. इथे हजार जणांनी गाणं घेतलं म्हणून ते महागत नाही आणि कुणीच नाही घेतलं तरी दुसऱ्या दिवशी मातीमोल होत नाही. गाण्याची भाजी होत नाही, ते शिळं पडत नाही. म्हणून ‘गाण्यांचे भाव उतरले’ मला खटकतं. उतरले नाहीत, मालकानं ठरावीक दिवसांसाठी उतरवले.
आणि पॉइंटांची गोष्ट सांगायचीच आहे. ते ५०० च्या पुडक्यात ६.२५ डॉलरला मिळायचे. १६० ची तीन गाणी घेतली की ४८० गेले, उरले २०. त्या २० चं काहीच येत नाही. आता ही उरलेली रक्कम धरली तर तीन गाण्यांना ६ डॉलर पडले की ६.२५? २०१३ मध्ये पॉइंट बंद करून सरळ पैशांत किमती आल्या ते बरं झालं. पण ही तऱ्हा काही गेली नाही. फोर्टनाइट फेस्टिव्हलमधलं गाणं आज ५०० व्ही-बक्सना आहे. खेळातल्या नाण्यात लिहिलेली रक्कम स्वस्त की महाग हे डोळ्याला कळत नाही, आणि न कळणं हाच त्यातला धंदा आहे. सूट किती हे सांगायला आधी मूळ किंमत रुपयांत दिसायला हवी.

निपाणीकर:
‘उतरणं’ यावर एक. भाव उतरला, गाणं उतरवून घेतलं, आणि खेळवाल्यांचा गाणं विकायचा परवाना संपला की गाणं दुकानातून उतरलं. सर, ‘गाणी उतरली’ एवढंच लिहू नका, तीन अर्थ निघतील. तिसरा अर्थ पोरांना जरूर सांगा. परवाना संपला की ते गाणं नव्यानं विकत घेता येत नाही. आधी घेतलेल्यांना ते पुन्हा उतरवता येतं. रॉक बँडची नवी गाणी तर जानेवारी २०२४ नंतर यायचीच थांबली.

जमाखर्च:
आता आकडे घेऊ. स्टीमवर आपल्याला रुपयांत दिसतं, पण हिशेबाला अमेरिकेतले आकडे सोपे. रॉकस्मिथचं सुटं गाणं २.९९ डॉलर, तीन गाण्यांचा पॅक ७.९९, पाचांचा ११.९९. तीन सुटी घेतली तर ८.९७, म्हणजे पॅकमध्ये अकरा टक्के वाचतात. पाच सुटी १४.९५, पॅकमध्ये वीस टक्के. बीट सेबर नावाच्या खेळाचा पहिला विकत घ्यायचा गाण्यांचा पॅक २०१९ मध्ये आला, त्यात दहा गाणी १२.९९ ला, सुटं १.९९. तिथे पस्तीस टक्के. हे सगळं बारमाही, सेल नसतानाही. म्हणून याला मी सूट म्हणणार नाही. सूट येते-जाते, कसर रचनेतच असते.
पण पॅक घेण्याआधी एकच बघायचं, त्यातली किती गाणी पोरगं खरंच वाजवणार आहे. पाचातली तीनच हवी असतील तर ८.९७ च्या गरजेला ११.९९ घातले. वीस टक्के वाचले म्हणायचं आणि तीन डॉलर जास्त गेले!

खडेबाजार_कॉर्नर:
हे ‘५०+२०’ सारखंच हाय की मग. गिऱ्हाईक म्हणतंय सत्तर टक्के. सत्तर नव्हं. शंभराचे आधी पन्नास झाले, मग पन्नासातले वीस टक्के म्हणजे दहा गेले, राहिले चाळीस. म्हणजे साठच. दर आषाढात हे समजावून तोंड दुखतंय.

जमाखर्च:
बरोबर. समजा सेलमध्ये पाचांचा पॅकही निम्म्यावर आला. ११.९९ चे ६, गाण्याला १.२०. मूळ २.९९ शी ताडून बघा, साठ टक्केच कमी. कसरीवर सूट बसली की बेरीज करायची नसते, उरलेल्यातून पुन्हा वजा करायचं असतं.

वडगावची_मी:
पॅकला शब्द सुचवते. ‘संच’ सरळ आहे पण रुक्ष. ‘जुडी’ म्हटलं तर मेथी आठवते. ‘गठ्ठा’ बरा, ‘एकगठ्ठा’ आहेच आपल्याकडे. मला ‘पाचगाणी’ आवडलं असतं, पण लोक बॅगा भरून साताऱ्याकडे निघतील.

जुना_खेळाडू:
संचच ठेवा. स्टीमवर एक प्रकार असा आहे की संचातली काही गाणी तुमच्याकडे आधीच असतील तर तेवढी वगळून उरलेल्यांचेच पैसे घेतात, आणि संचाची टक्केवारी उरलेल्यांवर लागू राहते. ‘संच पुरा करा’ म्हटलं की कुणालाही कळतं. ‘गठ्ठा पुरा करा’ म्हणजे पेपरच्या रद्दीवाल्यासारखं वाटेल.
आणि निपाणीकर, हे तुमच्या नियमाला विचारा. एकाच संचाची रक्कम तुम्हाला वेगळी, मला वेगळी, कारण आपापल्याकडे आधी काय आहे त्यावर ती ठरते. वस्तू तीच. मग ही सूट की सवलत?

निपाणीकर:
सवलत! माणूस बघूनच ठरली की नाही? फक्त आधार कार्डाऐवजी तुमचं खातं बघितलं. माझा नियम मी सोडत नाही.

जमाखर्च:
हट्टी आहात. असू द्या.

सहावी_तार:
मसुदा असा करतो. “रॉकस्मिथची काही सुटी गाणी गुरुवारपर्यंत निम्म्या किमतीत मिळतील. पाचांचा संच घेतला तर आणखी स्वस्त, पण आधी यादी बघून घ्या. आवडलं नाही तर १४ दिवसांत पैसे परत मागता येतात, मात्र गाणं घेतल्यानंतर खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असला पाहिजे.” सूटही नाही, सवलतही नाही. चालेल?

वडगावची_मी:
चालेल. ‘काही’ हा शब्द घातलात ते छान. ‘७५ टक्क्यांपर्यंत’ मधला ‘पर्यंत’ पाट्यांवर इतका बारीक लिहितात की वाचायला भिंग लागतं.

कडोली_फास्ट:
एक विचारू काय? आता रॉकस्मिथ प्लस म्हणून आलंय, त्यात गाणी विकत नाहीत, महिन्याचे पैसे. वर्षाचे एकदम भरले की कमी पडतंय. त्याला काय म्हणायचं?

जमाखर्च:
२०२२ मध्ये सुरू झालं तेव्हा महिन्याला १४.९९ आणि वर्षाला ९९.९९ डॉलर होतं. बारा महिन्यांचे १७९.८८ झाले असते, म्हणजे चव्वेचाळीस टक्के कमी. पैसे आधी दिले म्हणून सोडलेली रक्कम, म्हणून ही रोख कसरीच्या जवळची. पण गाणी तुमची होत नाहीत, तेव्हा मी त्याला आगाऊ भाडं म्हणेन आणि कसर त्या भाड्यावरची.

कडोली_फास्ट:
मी ‘वर्गणी’ म्हणणार होतो.

खडेबाजार_कॉर्नर:
वर्गणी नको बाबा. गणपतीची पोरं पावतीपुस्तक घेऊन दारात उभी राहतील, आणि ती एक रुपया सोडत नाहीत.