मदत हवी आहे: मालवणातल्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवू?

विदर्भकन्या:
मंडळी, भाचीचं लग्न फेब्रुवारीत मालवणात आहे. आमच्याकडचे 34 जण नागपूर, अमरावती आणि इंदूरहून येताहेत. निम्म्यांनी समुद्र पाहिलेला नाही. 6 जण सत्तरीपुढचे, त्यातल्या दोघींचे गुडघे दुखरे. 7 मुलं, सगळ्यात धाकटं 4 वर्षांचं.

मोकळा वेळ असा: आदल्या दिवशी दुपारी 4 ते 7 (रात्री सीमांतपूजन), लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पूर्ण दिवस, तिसऱ्या दिवशी सामानासह बाहेर पडून कुडाळहून रात्रीची कोकणकन्या. सिंधुदुर्ग, स्कूबा, त्सुनामी आयलंड, रॉक गार्डन, विजयदुर्ग अशी यादी केली आहे. 50 आसनी बस ठरवतोय. कसं बसवावं?

सड्यावरचा:
ताई, तारखेपेक्षा तिथी सांगा. इथला दिवस भरती-ओहोटीवर ठरतो. आणखी एक, आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्येच असते आणि तिचा दिवस पंचांगात सापडत नाही, देवीच्या कौलाने ठरतो. ती लग्नाच्या आगेमागे आली तर मालवण-कणकवली रस्ता, रेल्वेचं आरक्षण आणि खोल्या, तिन्हींची ओढाताण होईल.

विदर्भकन्या:
लग्न शुद्ध दशमीला. जत्रेचं यजमानांना विचारलं, ती त्या आठवड्यात नाही.

सड्यावरचा:
छान. आता हिशोब. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ मिळते, शुद्ध असो वा वद्य. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा तास इकडेतिकडे धरा. तुमच्यासाठी:

नवमी: भरती पावणेसात, ओहोटी 1, पुन्हा भरती सातच्या सुमारास.
एकादशी: भरती सव्वाआठ, ओहोटी अडीच, पुन्हा भरती पावणेनऊला.

म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही रॉक गार्डनला जाल तेव्हा पाणी चढत असेल. तिथले खडक ओहोटीला उघडे पडतात, त्यांवर शेवाळ असतं, आणि फोटोसाठी पुढे गेलेल्या माणसाच्या मागचा खळगा कधी भरला ते त्याला कळत नाही. शेवाळावर चपलेची पकड राहत नाही, आणि पडल्यावर हात टेकतो तो कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) धारदार कवचांवर. बागेतून, वरूनच सूर्यास्त बघा. मुलांना पहिला समुद्र दाखवायला शेजारचा चिवला किनारा उत्तम. पाणी उथळ, लाट लहान. 4 ते साडेपाच चिवला, मग रॉक गार्डन, सातला परत. त्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्याचा हट्ट नको, घाईत वाया जातो.

विजयदुर्ग यादीतून काढा. किल्ला देखणा आहे, पण मालवणहून जाऊन-येऊन आणि बघून सबंध दिवस जातो.

खाडीकाठ:
50 आसनी बस घेऊ नका. त्सुनामी आयलंडची होडी देवबागहून सुटते, आणि देवबाग म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. रस्ता अरुंद, दोन्हीकडे चिऱ्यांचे गडगे (दगडी कुंपणं), समोरून गाडी आली की मोठी बस मागे घ्यायलाही जागा नसते. 17 आसनी दोन गाड्या घ्या. एक ज्येष्ठांची, एक धावपळीची. वेळापत्रक आपोआप सुटं होतं.

त्सुनामी आयलंड हा कर्लीच्या मुखाजवळचा वाळूचा पट्टा आहे. भरतीला तो पाण्याखाली असतो. एकादशीला ओहोटी अडीचला, तेव्हा देवबागच्या होडीत दीडच्या सुमारास बसा आणि साडेतीनपर्यंत परत फिरा. सकाळी दहाला गेलात तर मुलं कंबरभर पाण्यात उभी राहतील.

संगमावर पोहायचं नाही, हे गाडीतच सगळ्यांना सांगा. ओहोटीला नदीचं आणि खाडीचं सगळं पाणी त्या अरुंद तोंडातून बाहेर पडतं. वर शांत दिसतं, खाली ओढ असते. तिथली वाळूही सरकती, दोन पावलांत गुडघ्यावरून छातीपर्यंत खोली येते. पाण्यात खेळायचं तर तारकर्लीला, इतर माणसं आहेत तिथेच. लाइफ जॅकेट मुलांच्या मापाचं मागून घ्या. मोठ्यांचं जॅकेट लहान मुलाच्या मानेवरून वर सरकतं. जांघेखालचा पट्टा असेल तरच ते खरं उपयोगी.

विदर्भकन्या:
फार उपयोगी! गुडघे दुखणाऱ्या दोघींना सिंधुदुर्ग किल्ला बघायचाच आहे. जमेल का? आणि नवरीच्या मैत्रिणींना स्कूबा करायचंय, त्यांच्या हातावर मेंदी असेल.

सड्यावरचा:
जमेल, पण पहिल्या फेरीने. एकादशीला साडेआठ-नऊला पाणी भरलेलं असेल, तेव्हा होडी धक्क्याच्या पायरीच्या जवळ लागते. दुपारी तीच होडी खाली गेलेली असते आणि मोठं पाऊल टाकावं लागतं. प्रत्येकीच्या मागेपुढे एकेक माणूस, हातात पिशवी नाही.

होडी जवळ येईपर्यंत किल्ल्याचा दरवाजा दिसत नाही, तटाच्या वळणात लपवला आहे. लहान मुलांना तो शोधायला सांगा. होडीवाले साधारण तासभर देतात आणि किल्ला 48 एकरांचा, म्हणून सगळा तट फिरायचं मनात आणू नका. दरवाजाजवळ चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, मग शिवराजेश्वर मंदिर (महाराजांची दाढी नसलेली मूर्ती), मग दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंना खारं पाणी आणि या विहिरींना गोडं, हे काठावर उभं राहून बघण्यासारखं आहे. तट चढायचा तो तरण्यांनी. निघण्याआधी आपली होडी आणि परतीची वेळ नीट विचारून ठेवा.

किल्ल्याचं बांधकाम 1664 ते 1667. 2025 मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. ज्या खडकावर पायाभरणीची पूजा झाली असं मानतात तो मोरयाचा धोंडा मालवणच्या किनाऱ्यावरच आहे. होडी नको वाटली तर दोघींना तिथे न्या, समोर किल्ला दिसतो.

खाडीकाठ:
स्कूबा: सकाळी आठचीच वेळ घ्या, वारा उठला की पाणी गढूळतं. सराव, होडी धरून अडीच-तीन तास जातात, प्रत्यक्ष पाण्याखाली 10-15 मिनिटं. म्हणजे ही मंडळी किल्ल्यावर नसतील, हे आधीच ठरवा. सर्दी, कान फुटलेला, दमा, गरोदरपण असेल तर नको. सर्दीत कानातला दाब मोकळा होत नाही आणि पडद्याला इजा होते. खाऱ्या पाण्याने मेंदी लवकर उतरते, मैत्रिणींना चालत असेल तर जाऊ द्या, नवरीला नको. कोणी विमानाने परतणार असेल तर स्कूबानंतर 18 तास तरी मधे ठेवा.

सोलकढी:
एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली: फिरायचा दिवस एकादशी आहे! सत्तरीपुढच्या मंडळींचा उपास असणार. मालवणातल्या बऱ्याच खानावळी माशांच्या, तिथे ऐनवेळी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी मिळणार नाही. कार्यालयाच्या आचाऱ्याला दोन दिवस आधी सांगा आणि डबे भरून घ्या. मासे खाणाऱ्यांनी देवबागहून परतल्यावर वेगळं जेवावं.

तिसरा दिवस द्वादशी, तेव्हा सगळ्यांना एकत्र बसता येईल. शाकाहाऱ्यांसाठी ओल्या काजूची उसळ, घावन आणि नारळाच्या रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया) आधी सांगून ठेवा. ओले काजू फेब्रुवारीत सुरू होतात, पण सोलायला वेळ लागतो, आयत्या वेळी मिळत नाहीत. सोलकढी मुलांना आधी अर्धी वाटीच द्या.

सड्यावरचा:
तिसऱ्या दिवशी परत समुद्राकडे वळू नका. मालवण-कुडाळ रस्त्यावरच धामापूरचा तलाव आहे, 1530 चा, काठावर भगवतीचं देऊळ. 2020 मध्ये जागतिक सिंचन वारशात नोंद झाली. सावली भरपूर, ज्येष्ठांना आवडेल. काठापासूनच खोल आहे, मुलांचा हात सोडू नका. तिथून कुडाळजवळचं पिंगुळी. ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत कथा सांगायची कला) आणि कळसूत्री बाहुल्या इथल्या, परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच कलेसाठी. खेळ बघायचा तर दोन-तीन दिवस आधी फोन करा, मांडणीला वेळ लागतो. धामापूरहून चारला निघालात तर पिंगुळी बघून निवांत स्टेशन गाठाल. 34 जणांचं सामान आहे, गाडीच्या वेळेआधी तासभर कुडाळला असा.

विदर्भकन्या:
बस रद्द करते, 17 आसनी दोन गाड्या घेते. आचाऱ्याला आजच उपासाचं सांगते. चित्रकथीचा खेळ किती वेळाचा असतो?

सड्यावरचा:
मुलं आहेत म्हणून आख्यानातला अर्धा-पाऊण तासाचा भागच मागा, आणि बाहुल्या मागून बघू द्यायची विनंती करा. सूत कुठल्या बोटाला बांधलंय ते दिसलं की मुलं हलत नाहीत.