सेल्फ मस्त घेते पण गाडी स्टार्टच होत नाही, उद्या आखाजी (अक्षय्य तृतीया) आहे!!

खळ्यातली८००: राम राम मंडळी. वडिलांची मारुती 800 आहे, 1994 ची, कार्बोरेटरवाली. दीड महिना खळ्यात उभी होती पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) ढिगाशेजारी. आज सकाळी सेल्फ मारला तर इंजिन गरगर फिरतंय, बॅटरी टकाटक, पण पकडतच नाही. चोक ओढून झालं, चोक न ओढता झालं, चार पोरांनी पार मारुतीच्या पारापर्यंत ढकलली, काही नाही. टाकीत 5 लिटर ताजं पेट्रोल टाकलंय. गावातला मिस्तरी बोनेट उघडून दोन मिनिटं बघून म्हणे पंप आणि कार्बोरेटर किट दोन्ही बदला, साडेतीन हजार. उद्या बहिणीला पाचोऱ्याहून आणायचंय आखाजीले, नाहीतर आई मलेच घराबाहेर काढेल. काय करू?

एमएच१८वाला: एथेनॉलचा प्रताप आहे भो. ते 20 टक्केवालं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं आणि उभ्या गाडीत पाणी धरतं. कार्बोरेटर खोलून साफ कर आधी.

जुना फिटर: सगळं एथेनॉलवर ढकलू नका रे. नळ्या खराब होतात हे खरं, पण पोराने अजून प्लगसुद्धा काढून पाहिला नाही आणि तुम्ही कार्बोरेटर खोलायला लावताय.

हे बघ भाऊ, सेल्फ फिरतोय म्हणजे बॅटरी-स्टार्टरचा विषय संपला. आता एकतर पेट्रोल येत नाही नाहीतर करंट येत नाही, आणि कोणतं ते कळल्याशिवाय एक रुपया खर्चू नको. सेल्फ मारून झाल्यावर तिन्ही प्लग काढ. कोरडे असले तर पेट्रोल पोचत नाही, ओले आणि वास मारत असले तर पेट्रोल पोचतंय, पंप बिचारा निर्दोष आहे. मग एक प्लग वायरीला लावून त्याचा लोखंडी भाग इंजिनला टेकव आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांग. निळी ठिणगी कडक पडायला हवी. प्लगच्या भोकापासून लांब धर आणि हाताने वायर धरू नको, रबरी मुठीची पक्कड घे, पेट्रोल सांडलं असेल तर आधी पुसून वाळू दे.

आणि डिस्ट्रिब्युटरचं (प्लगांना करंट वाटतो तो डबा) झाकण काढून सेल्फ मारताना आतला रोटर फिरतो का ते बघ. नसेल फिरत तर टायमिंगचा पट्टा तुटलाय. या इंजिनात पंप आणि डिस्ट्रिब्युटर दोन्ही कॅमवर (त्या पट्ट्याने फिरणाऱ्या दांड्यावर) चालतात, पट्टा गेला की करंटही जातो आणि पेट्रोलही, आणि मग लोक पंप बदलत बसतात.

खळ्यातली८००: फिटर नाना, तिन्ही प्लग ओले चिंब. ठिणगी अजिबात नाही. रोटर फिरतोय.

यावलकर: उंदीर बघ आधी! पऱ्हाटीचा ढीग म्हणजे त्यांचा वाडाच. माझ्या गाडीची कॉइलची (ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवते ती) बारकी वायर टेपच्या आतून कुरतडलेली होती, वरून अगदी धडधाकट दिसायची, तीन दिवस गेले शोधण्यात.

जुना फिटर: हे बरोबर, वायरी हाताने चाचपून बघ. मग बारा व्होल्टचा बल्ब घे, चावी चालू करून कॉइलच्या प्लसला एक टोक, दुसरं बॉडीला. पेटला तर करंट येतोय. आता तेच मायनसला लाव आणि सेल्फ मार. बल्ब लुकलुकायला हवा. नुसता पेटून राहिला तर पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या आतले करंट जोडणारे-तोडणारे दोन तुकडे, जुळतच नाहीत. अजिबात पेटला नाही तर पॉइंट चिकटलेत किंवा कंडेन्सर (पॉइंट जळू नयेत म्हणून लावलेली छोटी डबी) शॉर्ट. बघून झालं की चावी बंद कर, नाहीतर कॉइल तापते.

खळ्यातली८००: वायरी शाबूत आहेत. मायनसला बल्ब नुसता पेटून राहतो, लुकलुकत नाही!

जुना फिटर: सापडलं मग. पॉइंटवर राखाडी थर चढला असेल, उभ्या गाडीत होतंच. झिरो नंबरचा पॉलिश पेपर दोन्हींच्या मधे घालून हलक्या हाताने चार वेळा ओढ, मग स्वच्छ कापडाने पूस. तेलाचा हात लावू नको. नंतर चौथ्या गिअरमध्ये गाडी हळूहळू ढकलून पॉइंट पूर्ण उघडतील असं आण आणि गॅप लाव, 0.4 ते 0.5 मिलिमीटर. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) नसेल तर एखादं लग्नपत्रिकेचं जाड कार्ड चालतं कामापुरतं. प्लग वाळवून बसव, चोक ढकलून ठेव, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मार, आत साचलेलं पेट्रोल निघून जाईल.

एमएच१८वाला: बरं बाबा, एथेनॉल निर्दोष 😄

खळ्यातली८००: नाना!!! तिसऱ्या सेल्फला धाडकन स्टार्ट. आधी काळा धूर निघाला, शेजारचे आप्पा खाट उचलून पळाले. आता खळ्यात दोन चकरा मारल्या, चालतेय, फक्त स्लोला जरा थरथरते.

जुना फिटर: थरथर गॅप अंदाजाने लावल्यामुळे. पॉइंट किती घासले गेलेत ते बघ, खड्डा पडला असेल तर नवीन सेट आणि कंडेन्सर दोन्ही टाक. जळगावात जुन्या स्पेअरवाल्याकडे जाताना आत्ताचा सेट काढून सोबत ने, शेजारी धरूनच घे. आणि हा घासलेला फेकू नको, डॅशबोर्डात ठेव. पाचोऱ्याला सकाळी उन्हाच्या आत निघ.