सध्या काय ऐकताय? मी तीन मिनिटांच्या पलीकडे जात नाहीये

कोमलनिषाद:

मंडळी, सध्या काय ऐकताय? नुसतं नाव टाकून पळायचं नाही. तुमच्या कानाला त्यात नेमकं काय लागलं ते लिहा, म्हणजे बाकीच्यांना लावून बघावंसं वाटेल. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ आणि ‘अंगावर काटा’ या धाग्यावर बंद.

माझ्यापासून सुरुवात करते. सध्या मी फक्त ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्या फिरणाऱ्या) जुन्या रेकॉर्ड्स ऐकतेय. म्हणजे त्यांचे डिजिटल अवतार; घरात ग्रामोफोन नाही आणि आणायचा विचारही नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, बारा इंचीवर चार-साडेचार. तेवढ्यात अख्खा राग.

लागण झाली ती अब्दुल करीम खाँसाहेबांच्या झिंझोटी रागाने. ‘पिया बिन नाही आवत चैन’. लहानपणी हीच रेकॉर्ड ऐकून भीमसेन जोशी गाणं शिकायला घरातून पळाले. ही गोष्ट आपण इतक्यांदा ऐकलीय की रेकॉर्ड ऐकायची राहूनच जाते. मी ती हेडफोन लावून, दुसरं काहीही न करता ऐकली. खाँसाहेबांना घाईच नाही हो! तबकडी संपत चाललीय आणि हा माणूस ‘पिया’ या दोन अक्षरांवर परत परत येतोय, दर वेळी वेगळ्या वाटेने, आणि मधे चक्क थांबतोय. आवाज बारीक, टोकदार, सुराला असा चिकटलेला की कुठे सूर लागला आणि कुठे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) सुरू झाली ते सांगता येत नाही. तीन मिनिटांत थांबायला वेळ कुठून काढला?

मग नारायणराव व्यासांचा तिलककामोद लावला, ‘नीर भरन कैसे जाऊं’. इथे उलटा मामला. मुखडा (गाण्याची परत परत येणारी सुरुवात), तान, परत मुखडा, परत तान, उसंत म्हणून नाही. तरी एकही जागा कोंबून बसवल्यासारखी वाटत नाही, आणि शब्द इतके स्वच्छ की एका ऐकण्यात पाठ व्हावेत.

माझं मत असं होत चाललंय की या रेकॉर्ड्सना ख्यालाचा, म्हणजे मैफलीत सावकाश रंगणाऱ्या गायनाचा, सारांश म्हणणं अन्याय आहे. हा स्वतंत्र प्रकार होता आणि तो येणारी माणसं गेली. आता तुम्ही बोला. रेकॉर्ड्सवरच बोललं पाहिजे असं नाही, जे ऐकत असाल ते सांगा.

झुमरा_चौदा:

ताई, सविनय असहमत.

सध्या माझ्याकडे अमीर खाँसाहेबांचा मारवा चालू आहे. एलपीवाला (नंतर आलेली, जास्त वेळ चालणारी तबकडी), ज्याच्या दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. ‘पिया मोरे अनत देस गइलवा’, विलंबित, म्हणजे अगदी संथ, झुमरा तालात. चौदा मात्रांचं एक आवर्तन पाऊण-एक मिनिट घेतं. तुमच्या तबकडीत अशी तीन-चार आवर्तनं बसतील, त्यातलं पहिलं स्थिरावण्यात जाईल. मग गायचं काय?

आणि मारवाच का, तेही सांगतो. या रागात षड्जावर, म्हणजे सा वर, बसायचं नसतं. कोमल रिषभ (रे) आणि शुद्ध धैवत (ध), सगळा कारभार या दोघांचा. तंबोरा मागे सा देतोय, कान सा मागतोय, आणि गवई रिषभावरून फिरून पुन्हा धैवताकडे. खाँसाहेब हे इतक्या शांतपणे करतात की आपल्याला काही नाकारलं जातंय हेच आधी कळत नाही. काही मिनिटांनी अस्वस्थ वाटायला लागतं. मग कधीतरी ते सा लावतात, तोही क्षणभर, आणि तेवढ्यावर पुढची पाच मिनिटं निघतात. ही तहान लागायलाच वेळ जातो. तीन मिनिटांत लागलेली तहान मला खरी वाटत नाही.

जुन्या रेकॉर्ड्सबद्दल आदर आहेच. पण ती परिस्थितीची मजबुरी होती, तिला कलाप्रकार म्हणू नका.

बेसूर_बाबा:

मी सध्या लेकीचे पलटे ऐकतोय. सारेग, रेगम, गमप. रोज संध्याकाळी. मध्यमाशी तिचं भांडण आहे, पंचमाशी जमतं. हे धाग्यात बसत नसेल तर काढून टाका.

कोमलनिषाद:

बाबा, उलट सगळ्यात ताजं संगीत तुमच्याकडेच चालू आहे. मध्यम सुटला की कळवा.

तबकडी:

माझा विषय निघाला, त्यामुळे लांबण लावतो.

आधी एक सावधगिरी. ‘७८’ हा आकडा बराच नंतर पक्का झाला. सुरुवातीच्या काळात रेकॉर्ड कापताना वेग सत्तरपासून ऐंशीच्या पुढेमागे काहीही असायचा. आता समजा एखादी तबकडी मिनिटाला ७३-७४ फेऱ्यांनी कापली आणि कुणी ती डोळे झाकून ७८ वर वाजवून डिजिटल केली. सूर साधारण अर्ध्या स्वराने चढतो. पेटीवरच्या पांढरी एक पट्टीतला गवई पुढच्या काळी एकमध्ये गायला लागतो, लयही तेवढीच वाढते, आणि आपण म्हणतो, काय ती तान, काय तो आवाज! थोडी दाद यंत्राला जाते. म्हणून जुन्या गवयांच्या तयारीबद्दल बोलताना मी एकाच रेकॉर्डचे दोन-तीन अपलोड ताडून बघतो. आवाज किनरा आणि शब्द घाईत वाटले, की शंका घ्यायची.

दुसरं, खरखर. ती घालवायला सॉफ्टवेअर वापरतात आणि हात सैल सोडला तर खरखरीबरोबर आवाजाचा वरचा भागही जातो. ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात, तंबोरा तर गायबच. मला खरखर असलेली प्रत द्या. पाचव्या मिनिटाला, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डच्या मध्यावर, कान ती आपोआप वगळायला लागतो. खरखर वाढण्याचं आणखी एक कारण म्हणजे एलपीची सुई. ७८ ची खाच तिच्यासाठी फार रुंद असते, त्यामुळे सुई तळाशी घासत जाते. जाड सुई लावली की अर्धं दुखणं तिथेच बरं होतं.

आणि मजबुरीबद्दल, झुमरा साहेब. १९२५ पर्यंत रेकॉर्डिंगला मायक्रोफोनच नव्हता. गवयाने भल्यामोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी उभं राहून गायचं, तार सप्तकात गेलं की मागे सरकायचं, नाहीतर सुई उडणार. तबला तर पकडीतच यायचा नाही नीट. गौहर जानने १९०२ मध्ये कलकत्त्यात गायलं तेव्हा गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारलं, कारण मेणावरचं ध्वनिमुद्रण तबकड्यांवर छापायला जर्मनीला, हॅनोव्हरला जायचं होतं आणि तिथल्या माणसाला कळायला हवं की ही बाई कोण. त्या तीन मिनिटांतली दोन-तीन सेकंदं यातच गेली. इतक्या कटकटीत ज्यांनी राग उभा केला त्यांनी आधी घरी बसून आखणी केली नसेल असं मला वाटत नाही. आखणी आली की कलाप्रकार आला.

निळा_स्वर:

मी शास्त्रीय संगीताचा श्रोता नाही, जॅझवाला आहे, पण हाच वाद आमच्याकडेही आहे म्हणून लिहितोय.

सध्या १९२८ चं ‘वेस्ट एंड ब्लूज’ ऐकतोय, लुई आर्मस्ट्राँगचं. सव्वातीन मिनिटांची बाजू. सुरुवातीलाच बाकी सगळे गप्प आणि आर्मस्ट्राँग एकटा ट्रम्पेटवर. चार सूर ठोकून वर, मग वरून खाली घरंगळत. एवढी कमी जागा असताना पहिली दहा-बारा सेकंदं साथीशिवाय उधळायची हिंमत बघा. पुढे अर्ल हाइन्सचा पियानो येतो, आणि शेवटच्या फेरीत आर्मस्ट्राँग एकच सूर धरून ठेवतो, इतका लांब की आपणच श्वास रोखतो. कोमलनिषाद म्हणतात ते ‘थांबणं’ हेच असावं.

दुसरं, कोलमन हॉकिन्सचं ‘बॉडी अँड सोल’, १९३९. ती चाल तेव्हा सगळ्यांच्या ओठांवर. हा पठ्ठ्या सुरुवातीला ती जेमतेम ओळखू येईल इतपत वाजवतो आणि लगेच सोडून देतो. उरलेला सगळा वेळ सॅक्सोफोनवर स्वतःचं. मूळ चाल पुन्हा नाहीच. तरी ती रेकॉर्ड तुफान चालली.

एलपी आल्यावर आमच्याकडे एकेक तुकडा वीस-वीस मिनिटं चालायला लागला. त्यातला बराचसा मला आवडतो. पण खरं सांगू का, लांब वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांना थांबायचं कुठे ते कळत नव्हतं.

झुमरा_चौदा:

शेवटचं वाक्य आमच्याही मैफलींना लागू. तेवढ्यापुरता मी तुमच्या बाजूचा.

रियाजी:

मी गाणं शिकते. आमच्या बाईंनी मध्यंतरी एक व्यायाम दिला होता: मध्यलय तीनतालातली एखादी बंदीश घ्या आणि तीन मिनिटांत राग मांडून दाखवा. मला वाटलं सोपं आहे.

हिशोब करून बघा. मिनिटाला १२० मात्रा धरल्या तर सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं. तीन मिनिटांत बावीसेक आवर्तनं. स्थायी (बंदिशीचा पहिला भाग) दोनदा म्हटली की चार-पाच गेली, अंतऱ्यात (दुसऱ्या भागात) तेवढीच. उरली बारा-तेरा. प्रत्येक आवर्तनाचा शेवट मुखड्यात जातो, म्हणजे हातात त्याहून कमी. एक आलाप नेहमीच्या सवयीने घोळवला की तानांचं गणित कोसळतं. मला सगळ्यात जड गेलं ते एखादी सुचलेली जागा सोडून देणं. मैफलीत ती पुन्हा घेता येते, इथे एकदाच. शेवटी मी अंतरा एकदाच घेतला, आलाप मुखड्याच्या शब्दांतच केला, तेव्हा कुठे जमलं.

तेव्हापासून केसरबाई केरकर ऐकतेय. ‘जात कहां हो’, भैरवी, साडेतीन मिनिटं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यावर हेच गाणं आहे. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राउन यांनी ते सुचवलं होतं. दोन्ही यानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुटली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. सूर्यमालेबाहेरच्या वाटेवर असलेलं हिंदुस्तानी गाणं एकच, आणि तेही तीन-साडेतीन मिनिटांच्या मापातलं, ही गोष्ट झुमरा साहेबांनी लक्षात घ्यावी.

पण अवकाशाची कथा बाजूला ठेवून ऐका. उघडा, भरीव आकार, कुठेही आवाज बारीक करून सूर चोरणं नाही. तार सप्तकात जातानाही तोच जाडपणा. मी गाताना सगळ्यात आधी हाच सुटतो, म्हणून मला तो आधी ऐकू येत असेल.

बेसूर_बाबा:

लेकीला केसरबाई ऐकवल्या. म्हणाली, या आजी ओरडत नाहीयेत तरी एवढा मोठा आवाज कसा? रियाजी, याचं उत्तर तुम्ही द्या, मी ऑफिसात आहे असं सांगितलंय.

रियाजी:

पोटातून श्वास आणि तोंड उघडं, बाबा. तिला खर्ज, म्हणजे खालचे सूर, लावायला सांगा, सकाळी, पट्टी खालची धरून. पलटे नंतर. आणि आजी ओरडत नाहीयेत हे तिला ऐकू आलं, म्हणजे मध्यमाची काळजी करू नका.

मालकंस_वगैरे:

उशिरा आलो. मालिनी राजूरकरांचे टप्पे ऐकतोय. वादात फक्त एवढंच घालतो: टप्पा हा गाण्याचा प्रकार मुळातच छोटा असतो. पंजाबी शब्द मोजके, आणि प्रत्येक अक्षरावर जमजमा, गिटकडी अशा झपाझप हरकती, सूर एका जागी ठरत नाही. अर्धा तास टप्पा कुणी ऐकवला तर मी उठून जाईन. राजूरकर तो असा मांडतात की अवघड काही चाललंय असं वाटतच नाही. मग आपण गुणगुणायला जातो आणि दुसऱ्या अक्षराला जीभ अडकते. तेव्हा लांबी मजबुरीने ठरते का प्रकृतीने, हे प्रत्येक वेळी वेगळं.

कोमलनिषाद:

एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं.

तबकडी, तुमचं ऐकून एकाच रेकॉर्डचे दोन अपलोड शेजारी शेजारी लावले. कुठली ते सांगत नाही, उगाच भांडणं होतील. एक दुसऱ्यापेक्षा जवळजवळ अर्ध्या स्वराने वर आहे. खालचा जास्त पटतो, पण तान वरच्यात जास्त झणझणीत लागते आणि मला तीच सवयीची झालीय. आता पंचाईत.

निळा_स्वर, आर्मस्ट्राँगची सुरुवात ऐकली. त्याला तालाशिवायचा आलापच म्हणायचं का? रियाजी, बाईंना माझा नमस्कार सांगा.

झुमरा साहेब, मारवा या रविवारी ऐकणार, एका बैठकीत, मधे उठणार नाही. हातावर झुमरा मोजत बसू की नको ते आधी सांगा.

झुमरा_चौदा:

मोजू नका. मोजायला लागलात की पाचव्या मात्रेला लक्ष उडेल आणि समेला (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला) दचकाल. तबल्याचा ठेका ऐकत राहा, तो वाट दाखवतो. आणि हेडफोनपेक्षा स्पीकरवर लावा, तंबोरा खोलीत पसरू दे.

बारा इंचीवाली कुठली चांगली आहे सांगा तोवर. साडेचार मिनिटांपर्यंत यायला मी तयार आहे.