रेपरेशन्सला मराठीत काय म्हणायचं?

कॅरिबियन देश गुलामांच्या व्यापाराबद्दल ब्रिटनकडे रेपरेशन्स मागतायत, त्यावर मराठीत लिहितेय. सगळीकडे 'नुकसानभरपाई' लिहिलं तर चालेल का?

—

नका हो, घोळ होईल. ब्रिटनने १८३३ ला गुलामगिरीबंदीचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंड दिले ते मालकांना, ज्यांनी जमैका-बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांत जन्म काढला त्यांना छदामसुद्धा नाही, उलट अप्रेंटिस म्हणून १८३८ पर्यंत त्याच मालकांकडे फुकट राबायला लावलं. पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनच्या वडिलांना एकट्याला १ लाख पौंडांच्या वर मिळाले, अडीच हजार माणसांचे! सरकारने यासाठी कर्ज काढलं आणि ते पूर्ण फिटलं २०१५ साली, म्हणजे जमैकाहून लंडनला आलेल्या गुलामांच्या वंशजांनीसुद्धा टॅक्समधून ते फेडलं. मला हे वाचून झोप लागली नव्हती. याला 'मोबदला' म्हणा, भूसंपादनात मालकाला मिळतो तो, कारण कायद्याच्या लेखी ती माणसं मालमत्ताच होती.

—

मोबदला पटला. पण मग हैती? तिथल्या गुलामांनी फ्रान्सशी लढून १८०४ ला स्वातंत्र्य मिळवलं, आणि १८२५ ला फ्रान्सने लढाऊ जहाजं पाठवून १५ कोटी फ्रँक मागितले, मळे गेले म्हणून. पुढे रक्कम ९ कोटींवर आणली पण ती भरायला कर्ज पॅरिसच्याच बँकांकडून, आणि त्यापायी पुढे काढाव्या लागलेल्या कर्जांचे हप्ते पार १९४७ पर्यंत चालले. फ्रेंच कागदोपत्री भरपाई लिहिलेलं असेल, आपण सरळ 'खंडणी' लिहावं.

—

बरोबर. मग रेपरेशन्स?

—

'नुकसानभरपाई' म्हटलं की आपल्याला अवकाळी पाऊस, पंचनामा, तलाठी आठवतो, त्यात कुणी गुन्हेगार नसतो. इथे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेतून जहाजांवर चढवली आणि साधारण १८ लाख वाटेतच मेली, हे कुणीतरी केलंय. आणि कॅरिकॉमच्या (कॅरिबियन देशांची संघटना) २०१४ च्या दहा कलमी मागणीत पहिलं कलम पैशाचं नाहीच, रीतसर जाहीर माफीचं आहे, मग आरोग्य, साक्षरता, कर्जमाफी वगैरे. माफी 'भरपाई'त बसत नाही. 'प्रायश्चित्त' म्हणावं तर ते ज्याचं त्याने आपल्यापुरतं घ्यायचं असतं, समोरच्याच्या पदरात काही पडेलच असं नाही. मी तरी 'परिमार्जन' वापरेन, शब्द थोडा जड आहे पण त्यात चूक कबूल करणं आणि ती निस्तरणं दोन्ही येतं. फक्त रकमेबद्दल असेल तिथे नुसतं 'भरपाई', 'नुकसान' गाळून.