‘कन्व्हेयन्सिंग’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला घर घेण्याचे नक्की केले, तेव्हा सांगलीच्या मामांना फोनवर कळवले की सध्या कन्व्हेयन्सिंग सॉलिसिटर (घरखरेदीचे कायदेशीर काम पाहणारा वकील) शोधतो आहोत. त्यावर त्यांनी विचारले, “म्हणजे बिल्डर सोसायटीच्या नावावर जमीन करून देत नाही की काय?” पुढचा प्रश्न विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) किती दिला, हा होता; अजून एक पैसाही दिलेला नाही आणि तरीही मालकाने घर आम्हाला द्यायचे मान्य केले आहे, हे ऐकल्यावर ते बराच वेळ बोललेच नाहीत. शासकीय मराठीतला ‘अभिहस्तांतरण’ (कन्व्हेयन्स, म्हणजे मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करून देणे) हा शब्द मला माहीत आहे. तो येथे चालेल का, आणि हे काम करणाऱ्या व्यक्तीला काय म्हणावे?

प्रतिसाद १

मामांचा गैरसमज अगदी स्वाभाविक आहे. बिल्डरने जमीन व इमारत गृहनिर्माण संस्थेच्या नावे करून दिली नाही, तर संस्थेला ती ‘मानीव अभिहस्तांतरणा’ने, म्हणजे बिल्डरच्या सहीवाचून, मिळवता येते; १९६३ च्या सदनिका मालकीच्या कायद्यात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे हा मार्ग खुला झाला, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात ‘कन्व्हेयन्स’ म्हटले की लोकांना सोसायटीची सर्वसाधारण सभा आठवते. (नोकरदारांना कार्यालयाचा प्रवासभत्ता आठवतो, ते निराळेच.)

माझ्या मते अडचण अशी की, अभिहस्तांतरण हे एका घटनेचे नाव आहे, तर इंग्लंडमधले कन्व्हेयन्सिंग हे काही आठवडे, पुष्कळदा काही महिने चालणारे काम आहे. विक्रेत्याने बोली मान्य केल्यापासून लँड रजिस्ट्रीत (मालकीच्या सरकारी नोंदवहीत) नव्या मालकाचे नाव लागेपर्यंतचा पत्रव्यवहार, तपासण्या, पैशांची ने-आण आणि मुद्रांक कराचे विवरणपत्र असे सारे त्यात येते. आपल्याकडे हेच काम अनेकांच्या हातांत विभागलेले असते: मालकीचा शोध अहवाल (सर्च रिपोर्ट) एक वकील देतो, बँकेचा वकील तो पुन्हा तपासतो, दस्त तिसराच कोणी तयार करतो आणि दुय्यम निबंधकाकडची वेळ एजंट मिळवतो. काम एका हाती नव्हते, म्हणून त्याला एक नावही पडले नाही. मी स्वतः लिहिताना ‘घरखरेदीचे कायदेशीर काम’ असे सरळ लिहितो.

हे काम करणाऱ्याला ‘खरेदीचा वकील’ म्हणता येईल, परंतु ते नेहमी अचूक ठरणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये सॉलिसिटरखेरीज परवानाधारक कन्व्हेयन्सर हा स्वतंत्र वर्ग आहे. १९८५ च्या कायद्याने सॉलिसिटरांची या कामावरची मक्तेदारी मोडली आणि या वर्गासाठी वेगळी नियामक परिषद आली. ही मंडळी मालमत्तेच्या हस्तांतराचे काम करतात, मात्र वकिलीची इतर बहुतेक कामे करीत नाहीत. साध्या व्यवहाराला तेही पुरेसे असतात. घराच्या हद्दीचा वाद असेल किंवा घटस्फोटातून विक्री होत असेल, तर मी सॉलिसिटरच घेईन.

निवड करताना शब्दांनीच अधिक फसगत होते. ‘सर्च’ हा शब्द घ्या. आपल्याकडे सर्च म्हणजे निबंधक कार्यालयातली मागची तीस वर्षे चाळून मालकी निर्वेध आहे की तिच्यावर बोजा आहे, हे पाहणे. इंग्लंडमध्ये नोंदणीकृत घराची मालकी लँड रजिस्ट्रीच्या नोंदीवरूनच कळते, आणि सर्च म्हणजे स्थानिक परिषदेकडील रस्त्यांच्या व बांधकाम परवानग्यांच्या नोंदी, सांडपाण्याच्या वाहिन्या, पुराचा धोका आणि कोळशाच्या पट्ट्यात जमिनीखालच्या जुन्या खाणी यांची चौकशी. लेस्टरशरच्या वायव्य भागात ही शेवटची चौकशी गंभीरपणे घ्यावी लागते.

दुसरा शब्द ‘डिस्बर्समेंट’. आपल्या वतीने सॉलिसिटर इतरांना जे पैसे भरतो, म्हणजे या चौकशांचे आणि नोंदणीचे शुल्क, त्याला मी ‘वरखर्च’ म्हणतो. आपल्याकडे वरखर्च म्हटले की ऐकणारा किंचित हसतो. येथे मात्र त्याच्या प्रत्येक पेनीची पावती मिळते. डिसेंबर २०१८ पासून सॉलिसिटर संस्थांना या कामाचे दर संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात, तथापि दरांची तुलना करताना फी आणि वरखर्च वेगवेगळे मांडल्याशिवाय स्वस्त काय आणि महाग काय ते कळत नाही. माझ्या पहिल्या घराच्या वेळी इस्टेट एजंटाने सुचवलेली संस्था मी स्वस्त म्हणून घेतली. तीन महिन्यांत माझी फाइल तीन जणांकडे फिरली आणि प्रत्येकाने मला तेच पारपत्र पुन्हा मागितले. एजंटाला अशा शिफारशीची दलाली मिळू शकते. ती घेणे बेकायदा नाही, मात्र ती तुम्हाला सांगितली गेली पाहिजे. तेव्हा फाइल प्रत्यक्ष कोण हाताळणार, त्या व्यक्तीशी फोनवर बोलता येईल का, आणि तुमच्या कर्जदात्या बँकेच्या पॅनेलवर (मान्य वकिलांच्या यादीत) ही संस्था आहे का, हे आधी विचारावे. पॅनेलवर नसेल, तर बँक दुसरा वकील नेमून त्याचाही खर्च तुमच्यावर टाकू शकते.

मामांच्या विसाराचेही उत्तर यातच आहे. येथे ‘एक्स्चेंज’ होईपर्यंत दोघेही मोकळे असतात. खरेदीदार आणि विक्रेता कराराच्या दोन सारख्या प्रतींवर वेगवेगळी सही करतात, दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर, बहुधा फोनवरच, अदलाबदल झाल्याचे ठरवतात, आणि त्या क्षणापासून करार बांधील होतो. साधारण दहा टक्के रक्कम द्यायची ती तेव्हा. आपल्याकडे खरेदीखताआधी होणाऱ्या कराराला साठेखत म्हणतात; काही जण ते साटेखत असेही लिहितात. साटे म्हणजे सौदा, देवघेव. साटेलोट्यातले साटे तेच. त्यामुळे शब्दार्थाने ‘एक्स्चेंज’ला साटेखत छान शोभते, परंतु साठेखतात दोन्ही पक्ष एकाच दस्तावर सह्या करतात, म्हणून तो शब्द येथे लावला तर घोटाळाच होईल.

प्रतिसाद २

मी कोल्हापुरात दस्तांची कामे करतो. वरील विवेचन पटले, पण ‘अभिहस्तांतरण’ इतक्या लवकर सोडून देऊ नये. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतला पंचविसावा अनुच्छेद अभिहस्तांतरणाचाच आहे आणि साध्या फ्लॅटच्या खरेदीखताचे शुल्कही त्याखालीच आकारले जाते. म्हणजे मामांनी स्वतःचे घर घेतले तेव्हा तेही अभिहस्तांतरणच होते, फक्त कोणी तसे म्हटले नाही. ‘सॉलिसिटर’चे भाषांतर मात्र करू नये. सॉलिसिटर जनरलना वृत्तपत्रे महान्यायअभिकर्ता म्हणतात, म्हणून लेस्टरच्या सॉलिसिटरला न्यायअभिकर्ता म्हटले, तर तो सरकारी माणूस वाटेल.

आमच्या दस्तांत ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोन पक्ष असतात, आणि लहान गावात दोघांचाही वकील पुष्कळदा एकच असतो. इंग्लंडमध्ये हितसंबंधांच्या नियमांमुळे सहसा तसे चालत नाही, हे मामांना आवर्जून सांगावे. आपल्या भाचीने फक्त ‘लिहून घेणार’ची बाजू पाहणारा माणूस नेमला आहे, एवढ्यावर त्यांचा निम्मा घोर कमी होईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. मामांना मी आज असे लिहिले: “खरेदीचे कायदेशीर काम पाहायला सॉलिसिटर नेमला आहे. तो फक्त आमचा आहे, बँकेच्या पॅनेलवर आहे, आणि फाइल हाताळणाऱ्या बाईंशी मी स्वतः बोलले आहे. विसार येथे नसतो. करारांची अदलाबदल झाली की दहा टक्के द्यायचे.” त्यांचे उत्तर तासाभरात आले. त्यांना शोध अहवालाची प्रत हवी आहे, आणि ती तीस वर्षांची हवी आहे.