मदत हवी आहे : युद्ध आणि शांतीच्या ग्रीक-रोमन देवतांची मराठी नावे

ग्रीक-रोमन देवतांची मराठी नामसूची करत आहे. एरीस हा ग्रीकांचा युद्धदेव, मार्स रोमनांचा; पण ‘एरीस = मार्स = मंगळ’ असे सरळ लिहिले की घोळ होतो. मंगळ हा ग्रह आणि मंगळवार इथवर जोडी जुळते, पण आपल्याकडे मंगळ भूमिपुत्र. देवांचा सेनापती कार्तिकेय. शिवाय एरीस म्हणजे नुसता रक्तपात, फोबोस (भय) आणि डायमोस (धास्ती) ही त्याची मुले. मार्स मात्र रोमचा आदरणीय पिता, रोमचा संस्थापक रोम्युलस याचा जनक. दोघांना एकाच ओळीत बसवणे मला पटत नाही. ग्रीक देवी अथेना तिसरीच : डावपेचांचे युद्ध तिचे, आणि विणकामही.

शांतीची बाजू त्याहून अवघड. ग्रीक आयरीनी, रोमन पॅक्स. ग्रीक शिल्पकार केफिसोडोटसच्या शिल्पात आयरीनीच्या कडेवर प्लूटोस, म्हणजे संपत्तीचे बाळ आहे. (हा पाताळाचा प्लूटो नव्हे, मराठीत दोन्ही सारखेच दिसतात.) भागवतात शांती ही दक्षाची मुलगी, धर्माची पत्नी आणि तिचा मुलगा सुख. तुलना मोहक आहे, पण समीकरण मांडावे का?

रोमन देव जानस कुठल्या रकान्यात घालू? त्याच्या देवळाची दारे युद्धात उघडी, शांततेत बंद. रोमन सम्राट ऑगस्टसच्या काळात ती तीनदा बंद झाली. तो युद्धाचा देव नाही, दारांचा आणि आरंभाचा आहे.

आणि उच्चार : ग्रीक ‘आरेस’ की रुळलेले ‘एरीस’? दुसरे घेतले तर कलहदेवी एरिसशी फक्त वेलांटीचा फरक उरतो. जाणकारांनी कृपया कारणासह सुचवावे.