टक्क्यांबरोबर थराचा पोतही विचारा
मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीबद्दल ‘अडथळा ५० टक्क्यांच्या आत आहे, मग काळजी नको’ असं एक मत वाचलं, ते मला अर्धंच पटलं. इथे सोलापुरात सात रस्त्याजवळ मामांच्या मानेची डॉपलर (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) केली तेव्हा मी शेजारीच उभा होतो. गार जेल लागताच मामा दचकले. पडद्यावर धमनीच्या भिंतीवर साचलेले थर दिसले. एक थर पांढराफटक, खाली काळी सावली पडलेली. तो कॅल्शियमचा, कडक. दुसरा जवळजवळ काळाच. तो मऊ, चरबीचा. फुटून गुठळी मेंदूकडे जायची भीती अशा थराचीच जास्त. अडथळ्याच्या जागी रक्ताचा वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर गेला की अडथळा निम्मा किंवा जास्त धरतात, २३० च्या वर ७० टक्के किंवा जास्त. वेगाचे आकडे रिपोर्टात असतातच. थर कसा आहे, हे लिहिलंय का ते आवर्जून बघा. नसेल तर डॉक्टरांना सरळ विचारा.